योवान्दानच्या चौपन्न पराती

दोब्रिलाला गावातली निम्मी घरं आतून ठाऊक होती, आणि त्यांतल्या एकाही घराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता. तिची ओळख परातींशी. कुणाकडे नवी सून आली की कोबी जाड चिरला जायला लागतो, कुणाकडच्या म्हातारीचे दात पडले की मांसाचे तुकडे लहान होतात, कुणाचा मुलगा जर्मनीत कमवायला लागला की चार बरगड्यांच्या जागी अख्खी टर्की येते. हे सगळं तिला भट्टीच्या तोंडाशी उभ्या उभ्या कळायचं.

रेसावा नदीवरच्या पुलाला लागून गाव्रिलो उस्तादांची बेकरी होती. रोज पहाटे पाव निघायचे, आणि सणासुदीला पाव काढून झाले की त्याच तापल्या भट्टीत लोकांच्या पराती जायच्या. हिवाळ्यातल्या सणाचं जेवण म्हणजे पोद्वाराक. पिंपात आंबवलेला कोबी बारीक चिरायचा, डुकराच्या चरबीत कांद्याबरोबर परतायचा, परातीत पसरून त्यात मांस घालायचं आणि तपकिरी होऊन चकाकायला लागेपर्यंत भाजत ठेवायचा. घरच्या चुलीतही तो होतो. पण विटांच्या भट्टीतली सर त्याला येत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

दोब्रिला बेकरीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वर कुचायच्या डोंगरात तिचं घर. आई गेली, भावाचं लग्न झालं, आणि एका बोचक्यासकट तिला खाली गावात कामाला धाडण्यात आलं. गाव्रिलोंना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको पेर्सिदा हिनं तिला पीठ चाळायला शिकवलं, भट्टीच्या विटांवर चिमूटभर पीठ टाकून ते किती वेळात करपतं त्यावरून आच ओळखायला शिकवलं, आणि परातींचा दिवस आला तेव्हा बजावलं, "पोरी, एक लक्षात ठेव. दुसऱ्याच्या परातीत बोट घालायचं नाही. वास घे, रंग बघ, पण चव घ्यायची नाही. ते त्यांचं घर आहे."

दोब्रिलानं ते चोवीस वर्षं पाळलं. मधे एकदा तिचं लग्नही ठरलं होतं. मुलगा दोन वर्षांसाठी म्हणून म्यूनिकला गेला आणि तिकडचाच झाला. ती बेकरीमागच्या खोलीतच राहिली. पेर्सिदा वारली. पुढे गाव्रिलोंच्या डोळ्यांत पडदे आले, आणि भट्टीतलं लांब दांड्याचं फावडं कायमचं दोब्रिलाच्या हातात आलं. लोक परात घ्यायला यायचे, घाईत निघून जायचे. बेकरीवाल्यांना कोण जेवण पाठवणार? त्यांच्याकडे पाव असतो की!

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत गाव्रिलो तिला म्हणाले, "दोब्रिला, परवा योवान्दान."

"माहितीये उस्ताद. परातींचे जुने नंबराचे बिल्ले झिजले होते, नवे करून घेतलेत."

"बिल्ल्यांचं कुठं काढलंस! माझ्या घराचा संतही योवानच आहे. विसरलीस?"

ती विसरली नव्हती. गावातल्या किती तरी घरांचा कुळसंत योवान. त्याच्या दिवशी, योवान्दानला, दार उघडं ठेवायचं, मेणबत्ती लावायची, आणि जो येईल त्याला जेवू घालायचं. आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं. पेर्सिदा होती तोवर याही घरात माणसांची रीघ लागायची.

"नऊ वर्षं झाली," गाव्रिलो म्हणाले. "माझ्या संताच्या दिवशी मी खुर्चीत बसून अख्ख्या गावाच्या पोद्वाराकचा वास घेतो, आणि मग पाव-चरबी खाऊन आडवा होतो. यंदा मला माझ्या घरचा पोद्वाराक पाहिजे."

"मी कधी केला नाहीये, उस्ताद."

"चोवीस वर्षं बघतेयस ना?"

"बघणं वेगळं आणि करणं वेगळं."

"कर गं तू. बिघडला तर मला कुठं दिसणारे!"

शनिवारी दुपारी बेकरी बंद झाल्याबरोबर दोब्रिलानं बाह्या वर केल्या. तिनं पिंपावरचा दगड उचलला. जत्रेला निघालेल्या पोरीसारखं तिला झालं होतं. दोन मोठे गड्डे तिनं बाहेर काढले, पाणी निथळू दिलं, एक पान तोडून चावून बघितलं. फार आंबट. एकदा धुतला, पुन्हा चावला, आता ठीक. मग पाठ दुखेपर्यंत ती चिरत राहिली, कारण जाड चिरणाऱ्या बायांना चोवीस वर्षं तिनं मनातल्या मनात नावं ठेवली होती.

मोठ्या भांड्यात चरबी वितळली. तीन कांदे पडले, पिवळे झाले. कोबीची पहिली मूठ पडल्याबरोबर चर्र असा आवाज झाला आणि आंबट वाफेनं तिचे डोळे भरून आले. मूठ मूठ टाकत, तळापासून वर आणत तिनं तो इतका परतला की पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा तांबूस झाला. काळी मिरी, तमालपत्र, गोडसर लाल मिरचीची पूड. मानेचं ताजं मांस आणि धुरावलेल्या बरगड्या.

"जळतंय का?" आतून गाव्रिलो ओरडले.

"नाही हो!"

"मग एवढा वास का सुटलाय?"

"चांगला की वाईट?"

"आत येऊन विचार, इथून भुकेमुळे बोलवत नाहीये."

परात भरता भरता तिचा हात थांबला. आईचा पोद्वाराक तिला धड आठवत नव्हता. एवढंच आठवत होतं, की खाता खाता मधेच दाताखाली काही तरी गोड यायचं आणि भावंडांत त्यावरून मारामारी व्हायची. भावानं शरदात डोंगरातून वाळवलेल्या नासपतींची पिशवी पाठवली होती. तिनं सात नासपती मोजून कोबीत दडपल्या. असलं गावात कुणी करत नव्हतं. मांसही तिनं कोबीखाली पार पुरून टाकलं म्हणजे सुकायचं नाही, वरून पाच तमालपत्रं मांडली, आणि परातीकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कितीतरी वेळ.

रविवारी सकाळी बर्फ पडत होता आणि बाया येत होत्या. कुणी परात डोक्यावर, कुणी घसरगाडीवर, सगळ्या पांढऱ्या फडक्यांत बांधलेल्या. दोब्रिला एक बिल्ला परातीच्या कडीत अडकवायची आणि त्याच नंबरचा दुसरा बाईच्या हातात द्यायची. नवे बिल्ले कसे लखलखत होते! पत्रेवाल्या झिवोतानं नंबराच्या चकत्या सुबक कापून तारेच्या आकड्यांना कथलाचा डाख लावून जोडल्या होत्या. आठ वाजेपर्यंत त्रेपन्न पराती भट्टीत गेल्या. चौपन्नावी तिची स्वतःची, कडीत नुसता उरलेला आकडा अडकवलेली, बिननंबराची, अगदी मागे. मधे दोनदा तिनं नेहमीप्रमाणे फिरवाफिरव केली. मागच्या पुढे, पुढच्या मागे, म्हणजे सगळ्यांना सारखी आच लागते.

सव्वादहाला तिनं भट्टीचं झाकण उघडलं, फावडं सारलं आणि पहिली परात बाहेर ओढली. कडीत तारेचा आकडा होता. आकड्याला चकती नव्हती.

दुसरी ओढली. नुसता आकडा. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्यांचं तेच. तिनं कंदील धरून आत डोकावलं. त्रेपन्न चकत्या भट्टीच्या विटांवर इथं तिथं पडल्या होत्या.

"उस्ताद," ती म्हणाली.  "नंबर गळाले."

"काय गळालं?"

"नंबर. डाख वितळला. सगळ्यांचा."

गाव्रिलो खुर्चीत ताठ बसले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, मिशा विंचरल्या होत्या. "पावाच्या भट्टीत डाख!" ते म्हणाले. "झिवोता गाढव आहे. पुढच्या वर्षी मेणाचे करून आणेल."

"हसू नका हो! अकराला लोक येतील. परातीसुद्धा सगळ्या सारख्या. गेल्या वर्षी सहकारी दुकानात त्या करड्या आल्या आणि अख्ख्या गावानं त्याच उचलल्या."

"पराती सारख्या असतील. पोद्वाराक सारखे आहेत का?"

दोब्रिला वळली. समोरच्या पहिल्या परातीकडे तिनं नीट बघितलं. कोबी केसासारखा बारीक, कडेला एका ओळीत सॉसेज, सैनिकांसारखे उभे. "ही पोस्टमास्तरांच्या घरची," ती आपसूक म्हणाली.

"झालं मग. खडू घे. मांड सगळ्या, आणि मला एकेकीच्या जवळ ने. डोळे गेलेत, नाक जाग्यावर आहे."

पुढची पस्तीस मिनिटं ती दोघं वाऱ्यासारखी धावत होती. म्हणजे धावत दोब्रिला होती, गाव्रिलो एक हात तिच्या खांद्यावर ठेवून ओढले जात होते. पावाच्या फळ्यांवर पराती लागत गेल्या आणि प्रत्येकीसमोर खडूनं नाव पडत गेलं.

"जिरं!" गाव्रिलो नाक खुपसून ओरडले. "जिरं घालणारी एकच, पुलापलीकडची शिंपीण."

"ही अर्धी लाल, अर्धी पांढरी. सासूला तिखट चालत नाही, सुनेला त्याशिवाय जात नाही. लोहाराच्या घरची."

"अजून त्यांचं मिटलं नाही?"

"रेघ तर सरळ आखलीय यंदा. हिच्यात साखर. बघा, कडेला कशी काळी झालीय. मास्तरीणबाई."

एका परातीत वर मांसाचे सहा तुकडे असे मांडले होते की परात भरल्यासारखी दिसावी. खाली निव्वळ कोबी असणार हे दोब्रिलाला बघताक्षणी कळलं. ती विधवा मिलेवाची. तिनं नाव लिहिलं आणि ती परात फळीच्या टोकाला सरकवली, म्हणजे ती देताना गर्दीच्या माना तिकडे वळायच्या नाहीत.

तिचे गाल पेटले होते, केस सुटले होते. भीती कुठच्या कुठं पळाली होती. प्रत्येक नाव जुळलं की तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि एकदा ती खरंच ओरडली. "उस्ताद, बेचाळीस झाल्या!"

"ओरडू नकोस, पुढे चल. ह्या बाईनं तमालपत्र विकत घेतलंय की झाडच तोडून आणलंय?"

एवढ्यात दारावर थाप पडली. अकराला दहा मिनिटं कमी, आणि दारात दंतवैद्यांची बायको ओलिवेराबाई. डोक्यावर फरची टोपी, हातात बिल्ला. दर वर्षी ती सगळ्यांच्या आधी यायची आणि दर वर्षी एकच प्रश्न विचारायची.

"करपवली नाहीस ना?"

"नाही, ओलिवेराबाई."

"मग उभी काय राहिलीस? बारा वाजता वीस माणसं येताहेत माझ्याकडे. सासूबाई धरून."

उरलेल्या परातींवरून दोब्रिलाची नजर झरझर फिरली. ओलिवेराबाई मांस कोबीखाली पुरते आणि वर पाच तमालपत्रं मांडते, हे ती झोपेतही सांगू शकली असती. हां, ही. तिनं ती फडक्यात बांधून दिली. ओलिवेराबाईनं नाक जवळ नेऊन एकदा वास घेतला, भुवया किंचित वर केल्या, पण तिला घाई होती. ती गेली.

अकराच्या ठोक्याला बेकरी बर्फाळ बुटांनी भरून गेली. "सतरा!" "एक्केचाळीस!" "माझा नऊ, माझा नऊ बघ आधी!"

दोब्रिला पिठाच्या पोत्यावर चढली. "ऐका हो सगळे! बिल्ले भट्टीत वितळलेत. नंबर ओरडू नका. एकेकानं पुढे या आणि नुसतं तोंड दाखवा."

 मग एकच कल्ला उडाला. "म्हणजे काय?" "आम्ही काय दुसऱ्याचं खायचं?" "झिवोता कुठाय?" झिवोता मागच्या मागे सटकायला बघत होता. त्याला दोघांनी कॉलरला धरून पुन्हा आत आणला.

पहिला पुढे आला लोहार. दोब्रिलानं त्याची परात उचलून दिली. त्यानं फडकं वर केलं, अर्धं लाल, अर्धं पांढरं बघितलं, आणि आ वासला. "आमचीच आहे!" लोक हसले. मग शिंपीण, मग पोस्टमास्तर. चौथ्या-पाचव्या परातीनंतर तक्रारी थांबल्या. दहाव्यानंतर लोक टाळ्या वाजवायला लागले. ज्यांना परात मिळाली होती तेही जाईनात. पुढच्याची जुळते का बघायला थांबले.

"मास्तर, ही तुमची. बाईंना म्हणावं, साखर जरा जास्त झाली."

"सांगू का तिला? हिंमत तुझी आहे की माझी?"

मधेच गर्दी अचानक शांत झाली. दारात कम्युनिस्ट पक्षाचे सेक्रेटरी उभे होते. त्यांच्या घरी संतबिंत काही नव्हता, निदान कागदावर तरी नव्हता. त्यांची परात दर वर्षी शेजारची म्हातारी आपल्या नावावर आणायची, पण आज परात देऊन परतताना बर्फात तिचा पाय मुरगळला होता. सेक्रेटरी कानापर्यंत लाल.

"कॉम्रेड, शेजारच्या आजींची परात न्यायला आलात ना?" दोब्रिला म्हणाली. "माणुसकी आहे हो तुमच्यात. ही घ्या."

सगळी बेकरी खिडकीबाहेरचा बर्फ मोठ्या आवडीनं न्याहाळत राहिली, तोवर सेक्रेटरी परातीसकट पसार.

शेवटी समोर दोन बाया उरल्या आणि फळीवर तीन पराती. एक तिची आणि गाव्रिलोंची, हे उघडच होतं. बाकीच्या दोन मात्र हुबेहूब एक. तोच चिरण्याचा हात, तीच टर्कीची तंगडी मधोमध, तेच वाळक्या मिरच्यांचं कडं. बायाही एकाच साच्यातल्या, कोसारा आणि येलित्सा, सख्ख्या बहिणी. आईच्या अंत्यविधीला कुठल्याशा शब्दावरून बिनसलं आणि अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आताही दोघी मधे हातभर जागा सोडून दोन भिंतींकडे बघत उभ्या होत्या.

गाव्रिलोंनी दोन्हींचा वास घेतला. पुन्हा घेतला. "नाही बुवा," ते म्हणाले. "इथं माझं नाक हरलं."

"तुमच्या पराती आहेत," दोब्रिलानं दोघींसमोर चमचे ठेवले. "तुम्हीच खाऊन सांगा."

दोघींनी दोन्हींतलं खाल्लं.  येलित्सानं दुसऱ्या परातीतला घास चावता चावता डोळे बारीक केले आणि भिंतीला उद्देशून म्हणाली, "हिच्यात सफरचंद किसलंय."

"मग?" कोसारा म्हणाली, तीही भिंतीलाच.

"मग काय मग! आई सफरचंद घालत नव्हती!"

कोसारा गर्रकन वळली. "घालत नव्हती? तू लग्न करून गेलीस तेव्हापासून घालत होती! तू कधी येऊन खाल्लंस?"

"मला कुणी बोलावलं?"

"आईच्या घरी यायला बोलावणं लागतं होय गं तुला, महाराणी?"

"महाराणी कोण ते सगळ्या गावाला माहितीये!"

एकीनं एक परात उचलली, दुसरीनं दुसरी, आणि भांडत भांडत दोघी दाराबाहेर पडल्या. बर्फातून पुलापर्यंत त्यांचे आवाज येत होते. दोघींची घरं विरुद्ध दिशांना होती, पण दोघी एकाच बाजूला चालल्या होत्या. सफरचंदाची परात नक्की कुणाच्या हातात गेली, हे दोब्रिलाला कधीच कळलं नाही.

बेकरी रिकामी झाली. तिनं शेवटची परात दोन्ही हातांनी उचलली, मागच्या खोलीत नेली आणि टेबलावर मेणबत्तीशेजारी ठेवली. अजून तिचा श्वास जोरात चालला होता. "उस्ताद, त्रेपन्नच्या त्रेपन्न! एकही चुकली नाही!"

गाव्रिलो परातीवर वाकले. त्यांनी दोनदा वास घेतला.

"दोब्रिला, तू टर्की घातली होतीस?"

"नाही. बरगड्या आणि मानेचं मांस."

"ही टर्की आहे."

तिनं काटा घेऊन कोबी बाजूला केला. खाली पांढरंशुभ्र टर्कीचं मांस. नासपती नाही, बरगडी नाही. साऱ्या गावाचा पोद्वाराक तिला ओळखता आला होता. आपला स्वतःचा भाजून कसा दिसतो, हे मात्र तिनं जन्मात कधी बघितलं नव्हतं.

"ओलिवेराबाई!" ती किंचाळली.

परात घोंगडीत गुंडाळून ती एप्रनवरच पळत सुटली. पायांत लाकडी खडावा, त्या बर्फात बुडत होत्या. साडेबारा वाजून गेले होते. दवाखान्यापाशी ती घसरली, गुडघ्यावर पडली, पण परात छातीशी धरूनच. उठली, पुन्हा पळाली. नासपती! त्या बाईच्या टेबलावर वीस माणसांपुढे नासपती घातलेला पोद्वाराक! आता गावात तोंड दाखवायची सोय नाही.

दार ओलिवेराबाईच्या मुलीनं उघडलं. रीतीप्रमाणे तिनं आधी गोड गव्हाचा चमचा पुढे केला. "या ना, आत या." दोब्रिलानं धापा टाकत तो चमचा तोंडात घातला. आतल्या खोलीतून अकॉर्डियनचे सूर, हशा आणि वर कुणाचा तरी जाड आवाज. "ओलिवेरा, हे नासपतीचं तुला सुचलं तरी कसं? अजून आहे का?"

ओलिवेराबाई बाहेर आली. घोंगडी बघितली आणि तिला सगळं उमगलं. दोब्रिलाला दंडाला धरून तिनं स्वयंपाकघरात ओढलं.

"तू!" ती दातांवर दात ठेवून म्हणाली. "आत्ता येतेस? आत्ता?"

"चुकलं, ओलिवेराबाई. ही तुमची, हात लावलेला नाही, म्हणजे काट्यानं फक्त—"

"तेवीस वर्षं! तेवीस वर्षं मी या घरात पोद्वाराक करतेय, आणि आज पहिल्यांदा माझ्या सासूनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. कळतंय तुला? ती म्हणाली, 'ओलिवेरा, शेवटी शिकलीस.'"

दोब्रिलानं परातीवरची घोंगडी सोडली. मग ती हळूच म्हणाली, "मग सांगूच नका कुणाला. ही इथं ठेवते, मी जाते. मी बोलणार नाही."

ओलिवेराबाईनं तिच्याकडे बघितलं. भिजलेला परकर, गुडघ्याला बर्फ, कपाळाला पीठ. "हा होता कुणाचा?"

"आमचा. गाव्रिलो उस्तादांचा संत आहे ना आज. नऊ वर्षांनी त्यांनी मागितला म्हणून मी पहिल्यांदाच केला."

"मग त्यांनी काय खाल्लं?"

"काही नाही. मेणबत्ती लावून बसलेत."

ओलिवेराबाईनं डोळे मिटले, एक मोठा श्वास सोडला, आणि ताडताड चालत बाहेरच्या खोलीत गेली. "अकॉर्डियन थांबव जरा," ती म्हणाली. "ऐका सगळे. तुम्ही जे खाताय ते मी केलेलं नाही. ते बेकरीतल्या दोब्रिलानं केलंय. अदलाबदल झाली."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या सासूबाईंनी तोंड पुसलं. "मला वाटलंच," त्या म्हणाल्या.

असा हशा उसळला की भिंतीवरच्या बशा खडखडल्या. ओलिवेराबाईही हसली, जरा उशिरा, पण हसली. दंतवैद्य व्लादेटा मात्र राकिया दारूचा पेला हातात घेऊन उभे राहिले. "हसताय काय? आज योवान. आपण गाव्रिलोच्या संताचं जेवण खाऊन बसलोय, आणि नऊ वर्षांत त्याच्या दाराशी आपल्यातलं कुणी गेलंय का? माझे दुधाचे दात त्याच्या पावावर पडलेत!" त्यांनी कोट उचलला. "चला. ती टर्की घ्या."

"अहो, डुकराचं भाजलेलं अजून यायचंय!" ओलिवेराबाई ओरडली.

"तेही घे!"

आणि ते निघाले. पुढे अकॉर्डियन, मग दोब्रिला आणि ओलिवेराबाई एकाच परातीच्या दोन कड्या धरून, मागे वीस माणसं, सासूबाई घसरगाडीवर. रस्त्यावरच्या खिडक्या पटापट उघडत होत्या. "कुठं?" "गाव्रिलोकडे! आज त्याचा संत आहे!" "अरे हो की!" आणि आणखी दोघं-तिघं टोप्या घालत खाली.

गाव्रिलोंनी आवाज दुरूनच ऐकला होता. ते दारात येऊन उभे होते, भिंतीला हात टेकून.

"दोब्रिला, किती जण आहेत?"

"पंचवीस-तीस असतील, उस्ताद."

"खुर्च्या दोन आहेत."

"पिठाची पोती आहेत की!"

लोक पोत्यांवर बसले, लाकडाच्या ढिगावर बसले, भट्टीच्या ऊबदार कठड्यावर बसले. सगळ्यांच्या पाठी पांढऱ्या झाल्या. पावाच्या फळ्यांचं टेबल झालं. गाव्रिलो प्रत्येकाचा हात हातात घेऊन नाव ओळखत होते आणि प्रत्येकाला तेच म्हणत होते, "ये रे ये, बस." 

ओलिवेराबाईनं दोब्रिलाची परातही आणली होती. तिच्यात एका कोपऱ्यात एक बरगडी, मूठभर कोबी आणि दोन नासपती उरल्या होत्या. ती तिनं गाव्रिलोंपुढे ठेवली. त्यांनी घास घेतला. सगळे बघत होते. 

"पेर्सिदा नासपती घालायची नाही," ते म्हणाले.

दोब्रिलाचं तोंड उतरलं. "नाही आवडलं?"

"असं कुठं म्हटलं मी? पाव दे. परात पुसायचीय."

मग त्यांनी परात दोन्ही हातांनी धरली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

दोब्रिलाच्या हातात कुणी तरी राकियाचा पेला दिला, कुणी टर्कीची बशी दिली. ती पोत्यावर बसली. इतकी वर्षं नुसत्या वासानं ओळखत आलेला ओलिवेराबाईचा पोद्वाराक तिनं पहिल्यांदा खाल्ला आणि तिला तो इतका आवडला की डोळ्यांत पाणी आलं.

"बरं, आता सांग," ओलिवेराबाई तिच्या शेजारी पोत्यावर टेकली. फरच्या टोपीवर पीठ बसलं तरी तिचं लक्ष नव्हतं. "नासपती आधी भिजवल्यास का?"

"नाही, तशाच."

"आणि चरबी किती? सासूबाई ऐकताहेत, हळू सांग."

"मी बहिरी नाही," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्यानं सांग."

दोब्रिलाला आजवर कुणी काही करायची रीत विचारली नव्हती. तिनं बशी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले, आणि आजूबाजूच्या बायका सरकून जवळ आल्या तशी ती हातवारे करत सांगायला लागली, "हे बघा, आधी कोबीचं एक पान तोडायचं आणि चावून बघायचं..."